इव्हेंट आणि डिझाईनच्या छोट्या फर्मला कुठल्या सेवेवर किती जीएसटी लागतो?

तुम्ही दोघी मैत्रिणी लोअर परळला भाड्याच्या गाळ्यातून इव्हेंट आणि डिझाईनची भागीदारी फर्म चालवता, यंदा पहिल्यांदाच उलाढाल 20 लाखांवर जातेय आणि टेम्पो, भाडं, वकील, बाहेरगावचे क्लायंट या सगळ्यांच्या दरांचा तक्ता तुम्हाला हवाय. मी गिरगावात अशाच लहान फर्मची रिटर्न भरते. तक्ता फार छोटा होईल, कारण डिझाईन, इव्हेंट, जाहिरात, सल्ला, सीएची फी या सगळ्यांना 18 टक्केच आहे. पैसे अडकतात ते दरामुळे नाही. कर कोणी भरायचा आणि कधी, हे आधी न पाहिल्यामुळे अडकतात.

नोंदणीचं लगेच बघा. 40 लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांना आहे, सेवेला 20 लाखच. ती ओलांडली की 30 दिवसांत अर्ज करायचा. परदेशी क्लायंटची बिलंही या उलाढालीत धरतात.

आता तुमचे खर्च. क्रॉफर्ड मार्केटहून सजावटीचं सामान आणणारा टेम्पोवाला नुसती चिठ्ठी देत असेल, तर त्या भाड्यावर जीएसटी नाही. तेच सामान बिल्टी (माल पोचवण्याची जबाबदारी घेणारी रीतसर पावती) देणाऱ्या ट्रान्सपोर्टकडून आलं आणि त्याने बिलात कर लावला नसेल, तर 5 टक्के तुम्ही भरायचे. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात.

गाळ्याचंही तसंच. मालकाची जीएसटी नोंदणी असेल तर तो 18 टक्के लावूनच बिल देईल. नसेल, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी असलेल्या भाडेकरूने स्वतः 18 टक्के भरायचे आहेत. म्हणजे 40,000 रुपये भाडं असेल तर दरमहा 7,200 रुपये, आणि तेही रोख. रिव्हर्स चार्जचा कर जमा क्रेडिटमधून, म्हणजे खर्चावर भरलेल्या कराच्या वजावटीतून, वळवता येत नाही; भरल्यावर मात्र त्याचं क्रेडिट मिळतं. मालक काहीच मागत नाही, म्हणून हा खर्च कुणाच्या लक्षात येत नाही आणि नोटीस आली की व्याजासकट भरावा लागतो. नोंदणीच्या तारखेपासूनच तो हिशेबात धरा.

वकिलाची फीसुद्धा रिव्हर्स चार्जमध्येच येते, पण त्यासाठी मागच्या आर्थिक वर्षाची उलाढाल बघतात. तुमची 20 लाखांच्या आत होती, त्यामुळे यंदा त्या फीवर कर नाही. पुढच्या वर्षी लागेल.

क्लायंट मुंबईतला असेल तर 9 टक्के केंद्राचा, 9 टक्के राज्याचा. बंगळुरूची नोंदणीकृत कंपनी असेल तर कार्यक्रम वरळीला झाला तरी 18 टक्के आयजीएसटीच (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा एकत्रित जीएसटी) लावायचा, कारण तिथे क्लायंटची नोंदणी कुठली हे बघतात. घरगुती लग्न असेल तर उलट, कार्यक्रम कुठे होतोय ते बघतात. पुण्याच्या कुटुंबाचं लग्न गोव्यात केलंत तर आयजीएसटी. दुबईच्या कंपनीला लोगो करून दिलात आणि पैसे परकीय चलनात आले, तर ती निर्यात. आधी जीएसटी पोर्टलवर एलयूटी (निर्यातीसाठीचं हमीपत्र) भरून ठेवलं की कर न लावता बिल करता येतं. पण त्याच कंपनीचा कार्यक्रम मुंबईतच बीकेसीत केलात तर ती निर्यात नाही, 18 टक्के लावायलाच हवेत.

सगळ्यात जास्त काळजी ॲडव्हान्सची घ्या. सेवेत बिल किंवा पैसे, जे आधी होईल तेव्हा कर लागू होतो. लग्न डिसेंबरात असलं तरी जुलैत घेतलेल्या ॲडव्हान्सचा कर जुलैचाच. उलट एखाद्या कंपनीने बिलाचे पैसे तीन महिने अडवले, तरी तुमचा कर थांबत नाही. 5 कोटींपर्यंत उलाढाल असेल तर रिटर्न तिमाही भरायची सोय आहे, पण तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या 25 तारखेपर्यंत भरावाच लागतो. म्हणून ॲडव्हान्स आला की त्यातला कराचा भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. त्यातून फुलवाल्याचे पैसे देऊ नका.

आणि कोटेशनचा मजकूर आजच बदला. "एक लाख फायनल" असं ठरलं आणि क्लायंटने वर कर द्यायला नकार दिला, तर कर त्या लाखातूनच काढावा लागतो: 15,254 रुपये सरकारचे, 84,746 तुमचे. रकमेसमोर "जीएसटी वेगळा" एवढं लिहा. जी कामं आधीच तोंडी ठरली आहेत, त्यांच्या क्लायंटना नोंदणीचा नंबर येण्याआधीच फोन करून सांगा. कंपनी क्लायंट सहसा वाद घालणार नाहीत, त्यांना क्रेडिट मिळतं. लग्नघरच्यांना ते मिळत नाही, तेव्हा त्यांच्याशी आधी बोला.