बेरोजगार कामगारांना पुनर्प्रशिक्षण आणि ॲप्रेंटिसशिप मिळवून देणाऱ्या नव्या समुपदेशकांना काय शिकवावं?

तुम्ही विचारलंय की जळगावात तुमच्या संस्थेनं सहा नवे समुपदेशक घेतलेत. त्यांच्यासमोर येणार कारखान्यातलं काम सुटलेले कामगार आणि आयटीआय करून घरी बसलेली मुलं. या सहा जणांना किती दिवस आणि काय शिकवायचं, हा तुमचा प्रश्न.

दोन आठवडे द्या, आणि त्यातले वर्गातले दिवस चारच ठेवा. बहुतेक ठिकाणी सगळा वेळ योजनांची नावं आणि पोर्टल यांतच जातो. योजना कुणालाही वाचता येतात. जागेवर लागलेला माणूस पहिल्याच महिन्यात का परत येतो, ते मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. प्रशिक्षणाची सुरुवात तिथून करा.

पहिला दिवस पैशाला द्या. ॲप्रेंटिसशिपच्या २०१९ च्या नियमांनी विद्यावेतनाचे महिन्याचे किमान दर ठरवले ते असे: पाचवी ते नववी ५,००० रुपये, दहावी ६,०००, बारावी किंवा आयटीआय ७,०००, पदविका ८,०००, पदवी ९,०००. ज्या दिवशी शिकवाल त्या दिवशीचा चालू दर ॲप्रेंटिसशिपच्या पोर्टलवरून काढून भिंतीवर लावा. आता खरी अडचण. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये वाटा उचलतं आणि तो थेट मुलाच्या खात्यात टाकतं. म्हणजे ७,००० पैकी ५,५०० कंपनीकडून येणार आणि १,५०० सरकारकडून वेगळे. मुलाला हे माहीत नसतं. खात्यात ५,५०० पडले की घरात चर्चा होते, 'कंपनीनं दीड हजार कापले', आणि पोरगा कामावर जायचं बंद करतो. त्यामुळे करार होण्याआधीच, मुलासमोर आणि जमलं तर त्याच्या आईवडिलांसमोर, दोन्ही आकडे कागदावर मांडून दाखवायची सवय समुपदेशकाला लागली पाहिजे. हा पगार नाही, यातून पीएफ कापला जात नाही आणि वर्षाअखेर कायम करण्याचं बंधन मालकावर नाही, हेही त्याच बैठकीत स्पष्ट सांगायचं.

सरकारी वाटा न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधार. खातं आधारशी 'लिंक' आहे असं बँकेतला माणूस सांगतो, पण थेट लाभाचे पैसे एनपीसीआयच्या (बँकांमधली पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत जे खातं जोडलेलं असेल त्यातच जातात. बऱ्याच जणांचं ते खातं जुनं, शिष्यवृत्तीसाठी काढलेलं आणि बंद पडलेलं निघतं. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' दोन मिनिटांत दिसतं. प्रत्येक समुपदेशकानं आधी स्वतःचं बघावं, मग समोरच्याचं. दुसरी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, शिवाय स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे. तिसरी मोबाइलची. आधारला जोडलेला नंबर हरवलेला असेल तर ओटीपी येत नाही आणि नोंदणी तिथेच अडते. या तिन्ही गोष्टी पहिल्याच भेटीत तपासल्या तर पुढचे दोन हेलपाटे वाचतात.

पहिल्या मुलाखतीचा सराव सगळ्यात जास्त करून घ्या, किमान दोन दिवस. 'शिक्षण किती?' या प्रश्नानं सुरुवात करू देऊ नका. आठवी शिकलेला पन्नाशीचा माणूस तिथेच गप्प होतो. 'काका, सकाळी मशीन चालू करताना आधी काय करायचात?' असं विचारायला शिकवा. समजा पाइप कंपनीतून काम सुटलेला माणूस आहे आणि त्याच्या पगारपत्रकावर 'हेल्पर' लिहिलंय. तो सांगू लागतो: बॅरलचे झोन तापायला लावायचो, तापमान आलं की माल सोडायचो, पाइप पिवळट यायला लागला की तापमान उतरवायचो, एका बाजूला जाड भरला की डायचे बोल्ट फिरवून मध्यावर आणायचो. हा हेल्पर नव्हे, एक्स्ट्रुजन ऑपरेटर, म्हणजे प्लास्टिक वितळवून पाइप काढणारं मशीन चालवणारा आहे. हे त्याच्याच शब्दांत, क्रमानं लिहून घेणं हे समुपदेशकाचं मुख्य कौशल्य. याच नोंदीवर पूर्वानुभव मान्यतेचा, म्हणजे आरपीएलचा अर्ज उभा राहतो आणि दुसऱ्या कारखान्यातल्या सुपरवायझरलाही हीच भाषा कळते. समोरचा अहिराणी किंवा लेवा बोलीत सुरू झाला तर त्याला प्रमाण मराठीत ओढू नका. नोंद प्रमाण भाषेत करा, बोलणं त्याच्या भाषेत चालू द्या.

कारखाना बंद पडल्यानं अनुभवाचं पत्र मिळत नसेल तर यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा क्रमांक, टाकून पीएफची सेवा-नोंद काढायला शिकवा. तिच्यात आस्थापनेचं नाव आणि तारखा असतात. ईएसआयसीत, म्हणजे कामगार राज्य विम्यात, असलेल्या कामगारासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजाच्या ५० टक्के रक्कम ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदा मिळते. योजनेची मुदत चालू आहे ना, ते अर्जाच्या दिवशी बघावं. छाटणी झालेल्या कामगाराला औद्योगिक संबंध संहितेतल्या पुनर्कौशल्य निधीतून शेवटच्या १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम ४५ दिवसांत देण्याची तरतूद आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. घरात दोन महिन्यांचा किराणा भरलेला असेल तरच माणूस प्रशिक्षणाला बसतो. म्हणून आधी हे पैसे, मग कोर्स.

वयाचा गोंधळ नीट सोडवून घ्या. ॲप्रेंटिसशिपमधला सरकारी वाटा आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, दोन्हींना ३५ ची मर्यादा आहे. बेचाळिशीच्या माणसाला तिकडे पाठवणं म्हणजे त्याचा दिवस आणि भाडं वाया घालवणं. त्याच्यासाठी आरपीएल, छोटे कोर्स किंवा थेट नोकरी. पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती सुतार, लोहार, कुंभार, शिंपी अशा १८ पारंपरिक व्यवसायांतल्या स्वतंत्र कारागिरांसाठी आहे. कारखान्यातला फिटर त्यात बसत नाही.

दुसरा आठवडा बाहेर. आयटीआयमधल्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे ॲप्रेंटिसशिपचं काम बघणाऱ्या केंद्रात, एक दिवस बसवा. करार कसा नोंदवला जातो, नाकारला का जातो, ते तिथे दिसतं. मग एमआयडीसी. जाण्याआधी गणित पक्कं करा: ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक, प्रमाण २.५ ते १५ टक्के, आणि मोजताना कंत्राटी कामगारही धरायचे. १२० माणसांच्या कारखान्यात किमान ३, कमाल १८. चार ते एकोणतीस माणसांच्या युनिटला ऐच्छिक, आणि डाळमिल, चटई, छोटी वर्कशॉप यांतली बरीचशी त्यातच येतात. तिथे एचआर शोधू नका, मालकाला किंवा सुपरवायझरला भेटा. शिफ्ट कोणत्या, शिकवणार कोण, कॅन्टीन आहे का, आणि माल भरायला ॲप्रेंटिसला लावता का, एवढं विचारून या. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी विचाराच. फिटरचा करार असलेला मुलगा महिनाभर पोती उचलत असेल तर त्याच्या रोजच्या कामाची नोंद घेऊन बीटीआरआयकडे जायचं, हेही शिकवा.

शिफ्ट का विचारायची? यावल किंवा धरणगावहून येणारा मुलगा दुसऱ्या पाळीतून रात्री अकराला सुटला तर घरी कसा जाणार? एसटीचं वेळापत्रक समुपदेशकाच्या टेबलावर असलंच पाहिजे. विद्यावेतनातून पास, डबा आणि खोलीभाडं वजा करून काय उरतं, हे प्रत्येक उमेदवारासोबत मांडायचं. मुलींच्या बाबतीत एसटीचं अर्धं तिकीट धरून मांडायचं. उरत नसेल तर ती जागा त्याच्यासाठी नाही, असं सांगण्याची मोकळीक समुपदेशकाला द्या.

भुसावळमुळे रेल्वेबद्दल रोज विचारणा होईल. तिथली ॲप्रेंटिसची निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर होते, मुलाखत नसते, वय साधारण १५ ते २४. 'आतून करून देतो' म्हणत पैसे मागणारा फसवतोय, हे प्रत्येक पालकाला तोंडावर सांगता आलं पाहिजे.

कामाचं मोजमाप नोंदणीवर ठेवू नका. ९० व्या दिवशी किती जण जागेवर आहेत, ते मोजा. फोन तिसऱ्या, पंधराव्या आणि पस्तिसाव्या दिवशी. पस्तिसावा यासाठी की तोवर पहिलं विद्यावेतन जमा झालेलं असायला हवं, आणि नसेल तर तेव्हाच हालचाल करता येते.

पुढे धुळे-नंदुरबारला काम वाढवणार असाल तर वेळापत्रक बदला. धडगाव, अक्कलकुव्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्याआधीच घेतलेली असते. एकदा उचल घेतली की मुलाला कितीही चांगली जागा दाखवा, तो येऊ शकत नाही. तिथली पहिली भेट पोळ्याच्या सुमाराला झाली पाहिजे, आणि सहांपैकी निदान एकाला पावरी किंवा भिली बोलता आली पाहिजे.