आमच्या कॉलेजात सगळे जवळपासचेच विद्यार्थी आहेत, मग बहुसांस्कृतिक कार्यक्रम कसला घ्यायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याच्या गावचं कॉलेज, 'विविधता आणि बहुसांस्कृतिकता' या विषयावर कार्यक्रम घ्या असं वरून पत्र आलंय, सांस्कृतिक समिती तुमच्या गळ्यात आहे, आणि परदेशी तर सोडाच, दुसऱ्या राज्यातला एकही विद्यार्थी पटावर नाही. शेवटी तुम्ही हेही विचारलंय की हे सगळं नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलसाठीच असतं ना?

त्याचं उत्तर आधी देतो. हो, बरंचसं त्यासाठीच असतं. नॅकच्या मूल्यांकनात सांस्कृतिक, प्रादेशिक, भाषिक विविधतेबाबत कॉलेजने काय केलं ते विचारतात, म्हणून प्राचार्यांना बॅनरवरची तारीख स्पष्ट दिसेल असे फोटो हवे असतात. देऊन टाका. त्या फोटोंच्या नावाखाली मंडप, माइक आणि चार पैसे सुटतात, एरवी सांस्कृतिक समितीला कोण विचारतं?

मी गडचिरोली जिल्ह्यात शिकवतो. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, लागलो तेव्हा ही समिती माझ्याकडे आली आणि मग चिकटलीच. त्या अनुभवावरून सांगतो.

परदेशी विद्यार्थी नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात देशभरातली मुलं येतात, काही बाहेरच्या देशांतलीही असतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात अखिल भारतीय कोट्यातून येणारी आहेत. तिथे राज्यवार स्टॉल लावले की काम होतं. आपलं तसं नाही. आपल्याकडे एकाच बाकावर तीन घरच्या भाषा बसलेल्या असतात आणि शिकवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, नाव नको, जात नको, फक्त 'घरी कोणती भाषा बोलता' एवढं लिहायला सांगा. माझ्या वर्गात झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, हलबी एवढं निघालं. तुमच्याकडे वऱ्हाडी, कोलामी, गोंडी, बंजाऱ्यांची गोरमाटी, उर्दू आणि झरी-वणीकडची तेलुगू नक्की निघेल. यातल्या गोंडी आणि कोलामी द्राविडी कुळातल्या, म्हणजे मराठीपेक्षा तेलुगूच्या जवळच्या. मेळघाटातली कोरकू त्याहून वेगळी, मुंडा कुळातली. आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदकडे थोडे लोक निहाली बोलतात, तिचं तर जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं जुळलेलं नाही. हे सगळं आपल्या विदर्भात.

चिठ्ठी निनावी ठेवा असं म्हणतो त्याला कारण आहे. प्रथम वर्षाला हटकून 'मराठी' लिहिणारी काही पोरं मधल्या सुट्टीत सायकल स्टँडमागे आईशी फोनवर गोंडीत बोलताना दिसतात. शाळेत कुणीतरी हसलेलं असतं, ते बरीच वर्षं टिकतं.

दुसरं, मुलं राहतात कुठे ते बघा. आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह वेगळं, समाजकल्याणचं वेगळं, बाकीचे एसटीच्या पासवर येऊन-जाऊन. जेवण वेगळं, रात्र वेगळी, अभ्यासिकाही वेगळी. एकत्र येण्याची जागा म्हणजे कॉलेजचे ते चार-पाच तास, आणि त्यातही बाक ठरलेले. त्यामुळे माझं मत असं झालंय की कार्यक्रमाचा तास-दीड तास फारसा महत्त्वाचा नाही, त्याआधीचे पंधरा दिवस महत्त्वाचे. कोण कुणाबरोबर मिळून काय करतं, एवढंच समितीने जमवायचं. गट पाडताना गावावरून किंवा समाजावरून पाडू नका, कामावरून पाडा. मांडणीचा गट, स्वयंपाकाचा, माइकचा, गावात जाऊन माहिती आणणारा. 'आदिवासी गट', 'बंजारा गट' असं केलंत तर वसतिगृहातल्या भिंतीच तुम्ही मांडवात आणून उभ्या केल्या.

आता स्टेजचं. रेला नाच तुम्ही पाहिला असेल. एकमेकांच्या कमरेत हात घालून ओळ धरायची, ओळ वळत वळत गोल होते, गाणं एकाने उचलायचं आणि बाकीच्यांनी ओढायचं, मधेच कुणीही येऊन ओळीत शिरायचं. रात्र सरेपर्यंत चालतो. हाच नाच युवा महोत्सवात आला की आठ-दहा मिनिटांचा होतो, माणसं मोजून घेतात, तोंड परीक्षकांकडे. एका ठिकाणी तालमीला संयोजक सारखे ओरडत होते, 'प्रमुख पाहुण्यांकडे पाठ करू नका!' पुढचा पोरगा वैतागून म्हणाला, 'नाई जी सर, रेल्यात पाठ होतेच ना.' शेवटी गोल मोडून सरळ रांग केली आणि कवायत झाली. तुम्हाला एवढंच सुचवतो की असले नाच मैदानात घ्या. खुर्च्या भोवताली मांडा, पाहुण्यांच्याही. ढेमसा असो नाहीतर कोरकूंचं गदली-सुसुन, स्टेजवर चढवायची गरज नाही. मैदानात घेतलं की काही वेळाने बघणारेच आत शिरतात आणि सूत्रसंचालकाला काम उरत नाही.

आणि ड्रेपरीवाल्याकडून 'आदिवासी ड्रेस' कृपा करून आणू नका. पानांचे घागरे, डोक्याला कोंबड्याची पिसं, तोंडाला काळं आणि पार्श्वसंगीताला झिंगा ला ला. मी हे एका स्नेहसंमेलनात पाहिलं, नाचणाऱ्यांत एकही आदिवासी मुलगी नव्हती. ज्यांचा तो म्हणे पोशाख होता त्या मुली मागच्या रांगेत मोबाइलमध्ये मान घालून बसल्या होत्या. ज्याला घरचं लुगडं, घरचा फेटा, आजीचे दागिने घालून यावंसं वाटेल तो येईल. ज्याला जीन्समध्ये ढोल वाजवायचाय त्याला वाजवू द्या. माडिया मुलगा जीन्स घालतो म्हणून कमी माडिया होत नाही, पण फोटोग्राफरला हे पटवताना नाकी नऊ येतात.

खाण्याचं मात्र जरूर ठेवा, आणि तयार पदार्थांचे स्टॉल न लावता कॉलेजात चूल मांडून. आमच्या पट्ट्यात सगळ्यांचं धान्य एकच, तांदूळ. म्हणून एका वर्षी ठरवलं, तांदूळ आणि गूळ, बस्स, यातून प्रत्येकाने आपल्या घरचं करायचं. चामोर्शी-मुलचेराकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती आहेत, तिथल्या मुली पिठे नावाचा त्यांचा गोड पदार्थ करायला बसल्या. सिरोंच्याकडची एक तेलुगू मुलगी अरिसेलु, म्हणजे त्यांच्याकडचा अनारशासारखा पदार्थ, करणार होती. आणि आमच्या क्लार्कबाईंनी अनारशाचं घेतलं. तर तांदूळ भिजवण्यावरून जुंपली. बाई म्हणाल्या, तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलल्याशिवाय अनारसा जाळी धरत नाही. सिरोंच्याची पोरगी म्हणे, आमच्याकडे एक रात्र, आणि पीठ ओलंच लागतं, सुकलं की गेलं. बंगाली मुलींना दोन्हीत रस नव्हता, त्यांना नारळ हवा होता आणि तो कुणी आणलाच नव्हता. एका गोंड मुलीने चूल धरली होती. ती पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का पाहायची आणि मगच कढई उतरवू द्यायची, बाईंनासुद्धा. त्या दिवशीचे फोटो नॅकच्या फाइलमध्ये नाहीत, कारण बॅनर दिसत नव्हता.

तारीख निवडताना कॅलेंडरपेक्षा शेत बघा. संयुक्त राष्ट्रांचा सांस्कृतिक विविधतेचा दिवस आहे २१ मे. तेव्हा आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर, कॉलेज बंद, आणि निम्मी पोरं तेंदूपत्त्याला. ९ ऑगस्टचा आदिवासी दिन साजरा व्हायलाच हवा आणि मुलं तो स्वतः जोरात करतात, पण आमच्याकडे रोवणीचे दिवस असतात आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडची मुलं तिकडेच अडकतात. १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडा जयंती, तर आमच्याकडे धानाची कापणी आणि तुमच्याकडे कापसाची वेचणी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल. राहता राहिला फेब्रुवारी.

मी २१ फेब्रुवारी सुचवतो, जागतिक मातृभाषा दिन. सगळी कॉलेजं २७ ला मराठी भाषा गौरव दिन करतात, आम्हीही करतो. त्याच आठवड्यात सहा दिवस आधी ही तारीख येते आणि कुणाचं लक्ष नसतं. १९५२ साली ढाक्यात बांगला भाषेसाठी आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला तो हा दिवस, युनेस्कोने १९९९ मध्ये तो जगासाठी जाहीर केला. आमच्या मुलचेराकडच्या पोरींना हे सांगितलं तेव्हा त्या एकमेकींकडे बघत राहिल्या, कारण त्यांची पणजोबांची गावं त्याच मुलखातली. त्या दिवशी आम्ही सूत्रसंचालन भाषा बदलत करतो. एक कार्यक्रम गोंडीतून पुकारायचा, पुढचा तेलुगूतून, पुढचा झाडीबोलीतून. मराठी भाषांतर लगेच करायचं नाही. प्राचार्यांना दोन मिनिटं काही कळत नाही, ते चांगलंच आहे. आमच्या कितीतरी मुलांची शाळेतली पहिली दोन-तीन वर्षं अशीच गेलेली असतात.

वेळ अकरा ते तीन. त्यापुढे गेलात तर शेवटच्या एसटीच्या मुली उठून जातात, आणि बहुतेक त्यांचेच कार्यक्रम शेवटी ठेवलेले असतात.

फोटोंचा विषय तुम्ही काढला नाही, पण तो निघणारच. म्हणजे टेबलावर हार घालायला कुणाचे फोटो. सरस्वती ठेवायची की सावित्रीबाई, हा वाद सगळीकडे आहे. आपल्याकडे त्यात बाबासाहेब, तुकडोजी महाराज, गाडगेबाबा, बिरसा मुंडा, सेवालाल महाराज, आणि आमच्याकडे २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेले बाबूराव शेडमाके. एक फोटो राहिला की संध्याकाळी निवेदन घेऊन मंडळी हजर. फोटोंचं टेबल मुलांच्या हवाली करा. ज्याला जो फोटो आणायचाय त्याने आणावा, लावावा आणि ते कोण हे चार वाक्यांत सांगावं. आमच्याकडे टेबल दोन लागतात, हार कमी पडतात, पण निवेदन आलेलं नाही. विशेष म्हणजे शेडमाक्यांबद्दल एका बंगाली मुलाने सांगितलं, कारण त्याला इतिहासाच्या पेपराला तो प्रश्न येईल असं वाटत होतं.

तुमच्या जिल्ह्यापुरतं सांगायचं तर एखाद्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, आणि एखाद्या तांड्यावर मिश्र गट पाठवा. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर असतंच, ते गाव तसं निवडलं तर वेगळा खर्च नाही. तांड्यावर लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांची होळीची गाणी, गाणाऱ्या म्हाताऱ्या बायका भेटतील, पण होळी जवळ आल्याशिवाय त्या मनापासून गात नाहीत, त्यामुळे फेब्रुवारीअखेर बरा. परधान समाजात किंगरी हे तंतुवाद्य वाजवून गोंडांच्या कथा सांगणारे आता फार थोडे उरलेत. कुणी सापडले तर त्यांना 'कला सादर करा' म्हणून दहा मिनिटं देऊ नका, वर्गात बसवा, तासभर द्या आणि बिदागी रोख द्या, त्याच दिवशी. शाल-श्रीफळावर भागवायची आपली जुनी खोड आहे. म्हातारा माणूस तीस-चाळीस किलोमीटरवरून एसटीने येतो आणि नारळ घेऊन परत जातो. लेखा विभाग व्हाउचर मागेल, त्यावर अंगठा चालतो का हे आधीच विचारून ठेवा. आमच्याकडे त्यावरून महिनाभर पैसे अडकले होते.