उजाड, ओसाड की बेचिराख?

सोलापुरातल्या एका शाळेतले चित्रकला शिक्षक विचारतात : ब्रिटिश चित्रकार पॉल नॅश यांचं ‘वी आर मेकिंग अ न्यू वर्ल्ड’ हे १९१८ सालचं चित्र वर्गात लावायचं आहे. पहिल्या महायुद्धानं त्या जमिनीचं जे केलं त्याला मराठीत काय म्हणू, बेचिराख, ओसाड, उद्ध्वस्त की उजाड? आणि याला निसर्गचित्र म्हणता येईल का?

सर, मी ‘उजाड’ लिहीन.

बेचिराख ऐकलं की त्यातल्या ‘राख’मुळे जळालेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. पण शब्द मूळचा फारसी. बे म्हणजे विना, चिराग म्हणजे दिवा. वस्ती उठून गेलेल्या गावाला महसुली कागदांत ‘बेचिराग’ म्हणत आले आहेत. जिथे सांजेला दिवा लागत होता आणि आता लागत नाही, ते बेचिराख. म्हणजे या शब्दाला आधी घर लागतं. ओसाडचंही तसंच. ओसाड वाडा, ओसाड गाव. माणसं गेली, भिंती राहिल्या. नॅश यांच्या या चित्रात घर नाही, भिंत नाही, माणूसही नाही. उद्ध्वस्त चुकणार नाही (‘उध्वस्त’ असं मात्र लिहू नका, ‘द’ हवाच), पण संसारापासून पुलापर्यंत कशालाही लावून आपण तो झिजवला आहे.

उजाड हा रानाचा, माळाचा शब्द. मे महिन्यात सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाकडे गेलं की तोंडून तोच निघतो. आणि मराठीत त्याच्या शेजारी ‘उजाडणं’ आहे. एक भकासपणा सांगतो, दुसरं सकाळ झाल्याचं. हे चित्र नॅश यांनी स्वतःच्याच एका रेखाटनावरून रंगवलं, त्याचं नाव ‘सनराइज, इन्व्हर्नेस कॉप्स’. बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळची ती एक लहानशी राई. चित्रात तांबूस ढगांच्या रांगेमागून पांढरा सूर्य वर येतोय, झाडांचे नुसते खुंट उभे आहेत आणि खाली तोफगोळ्यांनी उलथलेल्या मातीचे उंचवटे, लाटांसारखे. उजाडलंय, आणि उजाड आहे. इंग्रजीत न जमणारी ही जोड मराठीला आयती मिळाली आहे. ती सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

एक अडचण मात्र आहे. आपल्या मनातलं उजाड कोरडं असतं. मृगाचा पाऊस पडला की तोच माळ हिरवा होतो. नॅश १९१७ च्या नोव्हेंबरात युद्धचित्रकार म्हणून तिथे परतले तेव्हा सगळा चिखल होता. ईप्र ज्या भागात येतं त्या फ्लँडर्सची सखल, चिकण जमीन. पाणी काढून देणारे चर गोळ्यांनी फुटलेले, त्यावर पाऊस. काळ्या रानात भर पावसात चालून पाहिलेल्या सोलापूरकराला तो चिखल समजावून सांगावा लागणार नाही. त्याच वर्षीच्या वसंतात, सैनिक म्हणून तिथे असताना, त्यांना खंदकांच्या आसपास पालवी दिसली होती. आता पाणी भरपूर, पण उगवत काहीच नव्हतं. म्हणून नुसतं ‘उजाड माळ’ न लिहिता ‘भिजलेली, तरी उजाड’ असं लिहा.

निसर्गचित्र म्हणा, सर, आवर्जून म्हणा. ‘भूदृश्य’ लिहिलं की चित्र एकदम परकं होतं. निसर्गचित्र म्हटल्यावर मुलांना आठवतं ते त्यांचं स्वतःचं : दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, झाडं. नॅश यांच्या चित्रातही सूर्य तिथेच आहे, किरणांसकट. मांडणी ओळखीची आणि एकेक गोष्ट मेलेली. युद्धानं काय केलं हे या मांडणीतूनच कळतं, त्यासाठी एकही प्रेत रंगवावं लागलेलं नाही. मुलांना दोन्ही चित्रं शेजारी लावून दाखवा.

शीर्षकातल्या ‘वर्ल्ड’साठी ‘जग’पेक्षा ‘सृष्टी’ बरं. निसर्ग आणि सृष्टी दोन्ही ‘सृज्’ धातूचे, निर्मितीचे. चित्राखालची ओळ मी अशी लिहीन :

‘आम्ही नवी सृष्टी घडवतो आहोत’, पॉल नॅश, १९१८. ईप्रजवळची राई, उजाडताना. जमीन भिजलेली, तरी उजाड.