मंडळासाठी लिनक्स सर्व्हरवर स्वतःचं सोशल नेटवर्क बसवायचं आहे. त्यासाठी मॅस्टोडॉन हे सॉफ्टवेअर घ्यावं की हमहब? आणि फुकटची पेजं असताना हा खटाटोप करावा का?

करावा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पहिल्याचं कुठल्याही व्हिडिओत मिळेल, दुसऱ्यावरून मात्र मी आमच्या मंडळात वर्षानुवर्षं भांडलोय.

आमचं गाव गोव्यातल्या फोंडा महालातलं. जत्रेच्या रात्री गावच्याच पोरांनी मराठी नाटक उभं करायचं, ही रीत माझ्या आजोबांच्याही आधीची. जुनी हँडबिलं, रंग लावून ओळीने बसलेल्या नटांचे कृष्णधवल फोटो, तालमींच्या वह्या, असं सगळं देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या खोल्यांत, एका पेटाऱ्यात पडून होतं. पावसातून आणि वाळवीतून जे वाचलं ते मंडळातल्या एका मुलाने स्कॅन केलं आणि एका मोठ्या कंपनीच्या फुकट पेजवर टाकलं. पेज झकास चाललं. मुंबईला, आखातात, पोर्तुगालात गेलेली आमची माणसं रात्री बसून फोटोंखाली लिहायची. उजवीकडून तिसरा तो आमचा काका, त्या वर्षी स्त्रीपार्ट त्यानेच केलेला. पेटीवर बसलेत ते माशेल गावचे, निरोप गेला की चालत यायचे. ऐंशी उलटलेली माणसं सांगायची आणि नातवंडं टाइप करायची.

मग एक दिवस त्या मुलाचं खातं कंपनीने बंद केलं. कारण दिलं नाही. अर्ज केले, तर छापील उत्तरं आली. पेजला दुसरा अ‍ॅडमिन नव्हता, त्यामुळे खात्याबरोबर पेजही गेलं. फोटो पेटाऱ्यात होते, ते पुन्हा स्कॅन झाले. नावं गेली ती गेलीच. सांगणाऱ्यांतले काहीजण तोवर वारले होते. आज त्यातला एक फोटो माझ्यासमोर आहे आणि मधल्या रांगेतल्या दोघांची ओळख सांगू शकेल असं गावात कोणी उरलेलं नाही. पेज बंद झाल्याचा राग कधीच ओसरला, या दोघांचं मात्र अजून लागतं.

म्हणून मी सर्व्हर घ्यायचा प्रस्ताव मांडला. तेव्हाचे खजिनदार बैठकीत म्हणाले, "फुकट मेळटा तें सोडून पयशे कित्याक मोडपाचे?" म्हणजे फुकट मिळतंय ते सोडून पैसे कशाला खर्च करायचे? आणि करायचंच असेल तर कोणाच्या तरी दुकानातला जुना कॉम्प्युटर वापरा, म्हणाले. त्यांना तेव्हा जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो, कारण ही सूचना तुमच्याही बैठकीत येणारच. घरगुती ब्रॉडबँडवर बऱ्याचदा स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, मिळत नाही. अनेक गिऱ्हाइकं एकाच आयपीआड असतात, त्यामुळे बाहेरून तुमच्या मशीनपर्यंत पोचायला धड रस्ता नसतो. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज कशी असते ते वेगळं सांगायला नको. व्हीपीएसच, म्हणजे डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हरच घ्या, शक्यतो मुंबई किंवा बंगळुरूच्या डेटा सेंटरमधला. दोन जीबी रॅम मंडळाला पुरते. महिन्याला पाचशे ते हजार रुपयांच्या आसपास जातील.

आता सॉफ्टवेअर. तुमच्यासाठी मॅस्टोडॉन नको. २०१६ साली आलेलं ते चांगलं आहे, पण इतर सर्व्हरांशी जोडून घेऊन जगाशी बोलायला बनवलेलं आहे. रेल्स, पोस्टग्रेस, रेडिस, साइडकिक अशा सॉफ्टवेअरांचा बारदाना सतत चालता ठेवावा लागतो. शिवाय दुसऱ्या सर्व्हरांवरचे फोटो तुमच्या डिस्कवर साठत राहतात, ते अधूनमधून साफ करत बसावं लागतं. एकदा ठरवलेलं डोमेन पुढे बदलताही येत नाही. गावच्या मंडळाला यातलं काही नको असतं. त्याला बंद दाराआड फोटो, गप्पा आणि तालमीचं वेळापत्रक हवं असतं. हमहब त्याच कामाचं आहे. पीएचपी ही भाषा आणि मारियाडीबी हा डेटाबेस यांवर चालतं, आणि त्यात नाटकाची एक, भजनाची एक, जत्रेच्या वर्गणीची एक अशा वेगळ्या स्पेस, म्हणजे गटांच्या खोल्या, करता येतात.

उबुंटू लिनक्सची दीर्घकाळ अपडेट मिळणारी एलटीएस आवृत्ती, पासवर्डऐवजी की वापरून एसएसएचने दूरवरून लॉगिन, फायरवॉल, एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र आणणारा सर्टबॉट हे तुम्हाला ठाऊक असेलच. जिथे लोक अडकतात तेवढंच सांगतो. पीएचपीची अपलोडची मर्यादा मुळात २ एमबी असते आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरची १ एमबी. मोबाइलवरचा साधा फोटो याहून मोठा असतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी "फोटो चढत नाही" म्हणून फोन येतात आणि लोक परत व्हॉट्सअ‍ॅपकडे वळतात. दोन्ही मर्यादा आधीच वाढवा. एनजिनएक्स एचटीअ‍ॅक्सेस ही फोल्डरांचे प्रवेशनियम सांगणारी फाइल वाचत नाही, तेव्हा हमहबचा प्रोटेक्टेड फोल्डर आणि अपलोड झालेल्या फाइलींचा फोल्डर कॉन्फिगमध्ये हाताने बंद करा, नाहीतर खाजगी म्हणून टाकलेली फाइल थेट पत्त्यावरून कोणीही उघडेल. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत, दर मिनिटाला चालणारी दोन कामं लागतात, त्यातलं रांगेचं काम राहिलं तर सूचनांचे मेल निघतच नाहीत. डेटाबेसमध्ये अक्षरं साठवायची पद्धत यूटीएफ८एमबी४ ठेवा. मारियाडीबी ज्यातून निघाला त्या मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ८ तीन बाइटांचं आहे, देवनागरी त्यात मावते पण इमोजी मावत नाही, आणि इमोजीशिवाय आमच्याकडे कोणी अभिनंदन करत नाही.

मेल हा सगळ्यात मोठा ताप. बरेच व्हीपीएसवाले मेल पाठवायचा मार्ग, पोर्ट २५, बंदच ठेवतात. स्वतःचा मेल सर्व्हर उभारायच्या भानगडीत पडू नका, तुमच्या वतीने मेल पोचवणारी एखादी रिले सेवा घ्या आणि पोर्ट ५८७ वरून पाठवा. मेल खरंच तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणारे एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही डोमेनला लावा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला यातलं निदान एक तरी लागतंच. पासवर्ड विसरल्याचा मेल स्पॅममध्ये गेला की आखातातला माणूस पुन्हा म्हणून आत येत नाही.

बॅकअपशिवाय यातल्या कशालाच अर्थ नाही. रोज रात्री डेटाबेसची पूर्ण प्रत (डंप), अपलोडचा फोल्डर आणि कॉन्फिग, तिन्ही दुसऱ्या कंपनीच्या जागेवर जायला हवेत. आणि बॅकअपवरून साइट उभी करून बघायची. मी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे घरी आलेले असताना ती लॅपटॉपवर चालू करून दाखवतो, दोघातिघांकडून करूनही घेतो. माझ्या मागे हे कोणाला तरी जमायला हवं.

पण यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे डोमेन आणि व्हीपीएस मंडळाच्या नावावर, मंडळाच्या मेलवर आणि मंडळाच्या पैशांनी घ्या. त्या खजिनदारांनी शेवटी "हा तुझा शौक, तू भर पैसे" असं म्हणून विषय मिटवला होता आणि सभेतल्या बऱ्याच जणांनी मान डोलावली. मी भरले नाहीत. परवडत नव्हतं म्हणून नव्हे. मी भरले असते तर सगळं माझ्या नावावर आलं असतं, आणि एका माणसाच्या खात्यावर सगळं टांगलं की काय होतं ते आम्ही नुकतंच बघितलं होतं. ध्वनिक्षेपक, पडदे, मेकअपवाला यांचा खर्च मंडळाच्या वहीत लागतो, मग नाटकाच्या आठवणींचा का लागू नये? पुढच्या कमिटीने ठराव केला, तेव्हाच मी सर्व्हर उभा केला. आज रूटचा, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याचा, पासवर्ड आणि डोमेनच्या खात्याचा तपशील बंद लिफाफ्यात सचिवांकडे आहे. ते खजिनदार आता त्या साइटवर त्यांच्या वडिलांचे फोटो टाकतात आणि खाली नावं लिहितात. ती नावं मी एका साध्या मजकूर फाइलमध्येही उतरवून ठेवतो, म्हणजे उद्या हमहब बदललं तरी ती वाचता येतील.

एवढं सांगून दोन गोष्टी राहिल्या. महिन्यातून एक संध्याकाळ अपडेटसाठी देणारा माणूस मंडळात नसेल, तर हे सुरूच करू नका. तसाच सोडलेला पीएचपी सर्व्हर कोणीतरी फोडतोच. आणि नोंदणी मंजुरीनेच ठेवा. बालनाट्यातल्या मुलांचे फोटो टाकण्याआधी पालकांकडून लेखी संमती घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलेली आहे, आणि कायदा नसता तरी विचारायला हवंच होतं.