गाडी घाटातच का तापते?

प्रश्न : माझी जुनी टाटा १६१३ ट्रक आहे. पुण्याहून खताच्या गोण्या भरून कराडला येतो. सपाटीला तापमानाचा काटा मध्यावर असतो, पण खंबाटकी घाट चढायला लागलो की लालला भिडतो. फिटरने वॉटर पंप बदलला, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) काढूनच टाकला. फरक नाही. पाणी फारसं कमी होत नाही, कधी लागलंच तर टॉप-अप बोअरच्या पाण्याने करतो. आता तो इंजिनाचं हेड (वरचा भाग) खोलू म्हणतोय. खोलू का?
— एक वाहनमालक, कराड

उत्तर : दादा, हेडला इतक्यात हात लावू देऊ नका. सपाटीला काटा जागेवर आणि पाणी फारसं कमी होत नाही, या दोन गोष्टींवरून माझा पहिला संशय पाणी गार करणाऱ्या रेडिएटरवर आहे. तरी हेडखालच्या गॅस्केटची खात्री करा. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढून सुरू करा, रेस द्या. सुरुवातीची हवा निघून गेल्यावरही बुडबुडे थांबत नसतील, तरच हेडचा विचार.

आता रेडिएटर. गाडी फिरवून आणा, इंजिन बंद करा, पंखा थांबला की जाळीजवळून तळहात फिरवा. मध्येच गार पट्टे लागले तर तिथल्या नळ्या क्षाराने बुजल्यात. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलं की हेच होतं. चढावर इंजिन जास्त उष्णता टाकतं, वेग कमी म्हणून समोरची हवाही कमी, मग उरलेल्या नळ्या पुऱ्या पडत नाहीत. रेडिएटरची टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. बाहेरून तेल-धुळीचा थर असेल तर इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी मारा.

पंख्याभोवतीचं पत्र्याचं कवच आहे ना, तेही बघा. माझ्याकडे आलेल्या एका १२१० ट्रकचं कवच अपघातानंतर कुणी बसवलंच नव्हतं. पंखा तीच गरम हवा घुसळत होता, आणि मालकाने दोनदा गॅस्केट बदललं होतं. फार वाईट वाटलं मला.

थर्मोस्टॅट परत बसवा. तो नसला की बायपासची वाट उघडी राहते आणि बरंच पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं. नवा बसवण्याआधी पातेल्यात पाण्यासोबत तापवा, उकळी फुटायच्या आत उघडलाच पाहिजे. यापुढे बोअरचं पाणी बंद. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्म भरा.

काम झालं की रिकामी नको, नेहमीच्या वजनानेच खंबाटकी चढा. काटा कुठे थांबला ते मला कळवा.