बाबांचं पोट, अँटिबायोटिक आणि ज्वारीची भाकर

भाऊ, पायाच्या जखमेसाठी बाबांचे अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, तेव्हापासून पोट ठिकाणावर नाही. मेडिकलवाला प्रोबायोटिक, म्हणजे चांगले जिवंत जिवाणू भरलेली, कॅप्सूल घ्या म्हणतो, त्यानं शुगरही उतरेल का, असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यात उपकेंद्रावर बावीस वर्षं नर्स होते. असे पेशंट खूप पाहिलेत.

दिवसातून तीन-चारदा पाण्यासारखं होत असेल, ताप असेल किंवा रक्त पडत असेल, तर बाकीचं वाचू नका, आजच डॉक्टरकडे न्या. अँटिबायोटिकनं आतड्यातले नेहमीचे जिवाणूही मरतात, मग क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा वाईट जिवाणू फोफावू शकतो. वावर मोकळं पडलं की तण माजतं, तसंच. जुलाब थांबवायची गोळी मनानं देऊ नका.

तसं काही नसेल तरी कॅप्सूल देऊ नका. 2018 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं अँटिबायोटिक घेतलेल्या लोकांची आतडी दुर्बिणीनं तपासली. प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे जिवाणू परत यायला उलट जास्त वेळ लागला. अभ्यास लहान होता, पण मला तो पटतो.

आपल्याला न पचणारा चोथा हेच या जिवाणूंचं खाणं. ते तो आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार होतो, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. माझी माय ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर चुलीजवळ ठेवायची. सकाळी झाकण काढलं की वर बारीक बुडबुडे आणि आंबूस वास. मग लसूण-जिरं घालून आंबील शिजवायची. शिजवल्यावर त्यातले जिवाणू मरतात, म्हणून गार झाल्यावर वरून ताजं ताक घाला. वावरात सोयाबीन आलं, ज्वारी गेली, आणि ताटातली भाकरही गेली, याचं मला फार वाईट वाटतं. जुलाब थांबले की भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी सुरू करा, पण हळूहळू. एकदम वाढवलं तर पोट फुगतं.

शुगरशी या जिवाणूंचा संबंध आहे, पण कॅप्सूलनं शुगर जाते असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. मधुमेहींच्या आतड्यातल्या जिवाणूंत दिसणारे बरेच बदल आजाराचे नसून मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीचे होते, हे 2015 मध्ये संशोधकांना कळलं. बाबांना तीच गोळी असेल तर पोट तिच्यामुळंही ढिलं होतं, विशेषतः डोस वाढवल्यावर. गोळी बंद करू नका. कोणतं औषध कधी सुरू झालं ते तारखेसकट कागदावर लिहून डॉक्टरला दाखवा. आणि पायाची जखम अजून ओली असेल, तर मोजा काढून तीही त्याच वेळी दाखवा.