गरीब देशांनी हवामानासाठी विकासाला आवर घालावा का?

माझ्या मते खरा वाद विकास हवा की नको हा नसून, बदलाचा खर्च कोणी आणि कोणत्या अटींवर उचलायचा, हा आहे. दक्षिण आफ्रिका अतिगरीब देशांत मोडत नाही, तरीही तिचे उदाहरण बोलके आहे.

तेथील ८० टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासून तयार होते. २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि युरोपीय संघ यांनी कोळशापासून दूर जाण्यासाठी तिला ८.५ अब्ज डॉलर देऊ केले. परंतु त्यात अनुदानाचा वाटा जेमतेम चार टक्क्यांच्या आसपास होता आणि उरलेली रक्कम बहुतांशी कर्जाच्या स्वरूपातच होती. २०२५ मध्ये तर अमेरिकेने यातून अंगच काढून घेतले.

दरम्यान, ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे देश भारनियमनाने हैराण असताना, म्पुमलांगा प्रांतातील कोमाटी हे जुने औष्णिक वीजकेंद्र बंद झाले. तेथे सौर व पवन ऊर्जा, बॅटरी साठवण आणि कामगारांचे प्रशिक्षण यांची योजना होती, पण हे पर्याय उभे राहण्यापूर्वीच केंद्र थंडावले आणि त्यावर पोट असलेल्या परिसराला त्याची झळ बसली. क्रम नेमका उलटा हवा होता.

सौर प्रकल्प वीज विकून कर्ज फेडू शकतो. कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणातून मात्र असे थेट उत्पन्न मिळत नाही, म्हणून त्या कामासाठी श्रीमंत देशांनी अनुदानच द्यायला हवे.